जोत्यातला दगड

बरेच दिवस काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना? तब्येत उत्तम आहे. घरात काम काढलं होतं, एवढंच. मुलाने आणि सूनबाईंनी मिळून ठरवलं, की खालच्या मजल्यावरची जुनी शहाबादी फरशी काढायची आणि नवीन टाइल्स घालायच्या. मी म्हटलं, करा बाबांनो. या वयात आपण खुर्ची घेऊन अंगणात बसावं आणि चहाच्या वेळा सांभाळाव्यात.

तर झालं असं, की न्हाणीघराचा पाइप बदलायला कामगारांनी स्वयंपाकघराच्या बाजूला दीड-दोन फूट खोल चर घेतला. जोत्यातला भराव बाहेर आला. नदीतले गोटे, जाड वाळू, विटांचे तुकडे. मी काठीने सहज ढीग हलवत होतो. त्यात एक दगड दिसला. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, मधाच्या रंगाचा, चपटा, एका बाजूला पात्यासारखा पातळ. उचलून धुतला. उन्हात धरला तर कडेतून उजेड आरपार दिसला. खालच्या टोकाशी एक छोटासा फुगवटा होता, आणि पाठीवर आधी उडवलेल्या छिलक्यांच्या खुणा.

मंडळी, मी तीसेक वर्षं मुलांना इतिहास शिकवला. अश्मयुगाच्या धड्यात फळ्यावर हेच चित्र काढत आलो. एका दगडावर दुसऱ्या दगडाने नेमका घाव घातला, की छिलका उडतो आणि घाव बसला तिथे असा फुगवटा राहतो. नदीत गडगडत आलेल्या दगडावरही टवके उडतात, पण ते वेडेवाकडे, कुठेही. एकाच दिशेने, एकामागून एक, हवे तसे टवके काढायला हात लागतो, आणि हातामागे डोकं. असा दगड माझ्याच स्वयंपाकघराखाली चाळीस वर्षं पडून होता. वर आमचा गॅस, कणकेचा डबा आणि आमच्या सौभाग्यवतींचे लोणच्याचे बरण्यांचे खण!

हा दगड तिथे कसा आला, हे मला चांगलं माहीत आहे. तेच आज सांगायचं आहे.

१९८४ साली मी हे घर बांधलं. तेव्हा वाळू घोडनदीची. दुसरी कुठली असणार? ट्रॅक्टर यायचा, रस्त्याच्या कडेला ढीग ओतायचा. तिरपी जाळी लावून दोन बायका वाळू चाळायच्या. बारीक वाळू गिलाव्याला, मध्यम बांधकामाला. जाळीवर उरायचा तो गोटा. मी तो उचलून लांब टाकायला सांगणार होतो. गवंडी म्हणाला, "गुरुजी, फेकता कशाला? जोत्यात भरू, पाणी धरत नाही." मला त्याची काटकसर आवडली. दोन ट्रॉल्या मुरूम वाचला म्हणून मी खूश. सगळा गोटा माझ्या देखत जोत्यात गेला, त्यावर पाणी मारलं, धुम्मस केलं.

म्हणजे दोष द्यायचाच तर पहिला माझा. वाळूवाल्याला ठाऊक नव्हतं, गवंड्याला नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्या ढिगाकडे एकदाही वाकून पाहिलं नाही.

आता थोडं नदीविषयी. बाहेरगावच्या नातेवाइकांना घोडनदी म्हणजे नाशिक रस्त्याने जाताना कळंबच्या पुलावरून दिसते तेवढी. पण ही नदी भीमाशंकरच्या डोंगररांगेतून येते, डिंभ्याच्या धरणात थांबते, घोडेगाववरून आपल्याकडे येते आणि पुढे शिरूरच्या बाजूने जाऊन भीमेला मिळते. जुन्नरकडून येणारी कुकडी तिलाच मिळते. आपण आज हिच्याकडे पाणी आणि वाळू म्हणून पाहतो. पण पुण्याच्या पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने घोड आणि कुकडी म्हणजे जुनं दप्तर आहे.

मंचरच्या जवळचं चांडोली घ्या. १९६० मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. शां. भा. देव आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांनी तिथे घोडेच्या काठी उत्खनन केलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. वडिलांनी सायकलच्या दांडीवर बसवून मला ते दाखवायला नेलं होतं. मला आठवतात ते फक्त चौकोनी खड्डे, सरळ कापलेल्या भिंती, आणि एका माणसाने मातीवर लहानसा ब्रश फिरवणं. आम्हा मुलांना त्याची भयंकर गंमत वाटली होती. माती झाडून माती कशी निघणार? पुढे बी.ए.ला असताना वाचलं, की त्या खड्ड्यांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वसाहत मिळाली. तांब्याचा खंजीर मिळाला, ज्याच्या मुठीला किड्याच्या मिशांसारखी दोन टोकं फुटलेली आहेत. आणि एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याचा गंज चढल्यामुळे मण्यांच्या आत दोऱ्याचा अंश टिकला होता. तपासल्यावर तो जवसाच्या वाखाचा निघाला. आपल्या गावाशेजारी तीन हजार वर्षांपूर्वी कुणी जवसाचा धागा वळत होतं, आणि आपलं गेलेलं लेकरू माळ घालून पुरत होतं. मी हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची.

त्याच नदीवर खाली शिरूर तालुक्यात इनामगाव. तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली खोदकाम चाललं. शंभराहून अधिक घरं, धान्याच्या कणग्या, पाण्याचा पाट, चार पायांच्या रांजणातलं एक दफन. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांविषयी आज आपल्याला जे नेटकं कळतं, त्याचा मोठा भाग या एका जागेने दिला.

आता हे लक्षात घ्या, की चांडोली-इनामगावसारखी जागा गावकऱ्यांच्या भाषेत पांढरी. आपल्याकडे शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात ते उगाच नाही. माणसं राहून राहून, चुली पेटवून, शेणाने सारवून, भिंती पडून जी राखाडी माती साठते ती पांढरी. ती खतासारखी चांगली, म्हणून पूर्वी लोक बैलगाड्या भरून ती शेतात नेत. किती टेकाडं अशी हळूहळू काळीत गेली असतील! पण बैलगाडीचा वेग होता. फावड्याखाली मडकं आलं तर माणूस थांबायचा, बघायचा, देवळात नेऊन ठेवायचा.

पांढरी तीन-साडेतीन हजार वर्षांची गोष्ट सांगते. माझ्या जोत्यातला दगड त्याच्या कितीतरी आधीचा असणार. त्यासाठी पांढरीतून उतरून नदीच्या पोटात जायला हवं.

आपल्या नद्यांच्या काठाला जिथे सरळ कडा तुटलेला असतो, तिथे जाऊन पाहा. वर काळी माती, खाली पिवळट पोयटा, आणि तळाशी चुनखडीने घट्ट सांधलेला गोट्यांचा थर. हा थर म्हणजे जुन्या काळची नदी. आज पात्रात लोळणारी वाळू दर पुराबरोबर सरकते. पण तो सांधलेला गोटा हजारो, कुठे लाखो वर्षं जागचा हललेला नाही. आदिमानव नदीकाठी राहायचा, कारण पाणी तिथे, जनावर तिथे, आणि हत्यारासाठी दगडही तिथे. त्याने टाकलेली हत्यारं त्या गोट्यात अडकली. डॉ. सांकलियांनी १९५० च्या दशकात नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या आणि नेवाशाला प्रवरेच्या अशाच थरांतून दगडी हत्यारं गोळा केली. त्याआधी दख्खनच्या या भागात अश्मयुगीन माणूस होता की नाही, यावरच शंका घेतली जायची.

आपल्या जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक तर जगभरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, आपल्यालाच नाही. कुकडीच्या काठाला तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि जवळच्या गोट्यात हातकुऱ्हाडी. हे १९८० च्या दशकातलं काम. डॉ. शरद राजगुरू, डॉ. शीला मिश्रा, डॉ. रवी कोरीशेट्टर अशा मंडळींनी यावर वर्षानुवर्षं डोकं घातलं. महाराष्ट्रात तेव्हा ज्वालामुखी जागा नव्हता. राख आली ती हजारो किलोमीटर लांबून, इंडोनेशियाच्या बाजूने वाऱ्यावर, असं मानतात. राखेचं वय काढता येतं, आणि राखेचं वय कळलं की हत्यारांच्या वयाचा अंदाज येतो. म्हणून तिला एवढा मान.

आणि वाद इथेच. १९८९ मध्ये वय आलं सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये दुसऱ्या मोजणीत आलं सुमारे ६ लाख ७० हजार. त्याच सुमारास इतर शास्त्रज्ञ म्हणाले, छे, ही तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची राख. कुठे १४ लाख आणि कुठे ७५ हजार! पुन्हा प्रश्न असा, की हत्यारं राखेच्या वेळीच तिथे पडली, की जुनी हत्यारं नंतरच्या पुराने वाहून आणून राखेशेजारी ठेवली? याचं उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत सुट्ट्या दगडावरून मिळत नाही. ते मिळतं काठाच्या त्या उभ्या कापात, थर जागच्या जागी असतील तरच. उद्या तो काठ कुणी नेला, तर वाद मिटणार नाही, वाद घालायची सोयच संपेल.

हे मला या वयात नीट कळलं. दगड महत्त्वाचा नाही, दगडाचं ठिकाण महत्त्वाचं. माझ्या हातातला मधाच्या रंगाचा छिलका सुंदर आहे. पण तो कुठल्या घाटातून आला, काठातून की पात्रातून, किती खोलीवरून, त्याच्या शेजारी काय होतं, हे विचारलं तर तो मुका आहे. चांडोलीच्या माळेतला दोरा बोलतो, कारण ब्रशवाला माणूस तिथे बसला होता. माझा दगड चाळणीवरून आला.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर लोक म्हणतील गुरुजी वाळूवाल्यांवर घसरले. पुरातत्त्वाचा आणि खाणीचा संबंध शत्रुत्वाचा नाही. उलट अश्मयुगाचा शोधच मुळी खडीच्या खड्ड्यांनी लावला. बोरीच्या हातकुऱ्हाडींना ज्या अशुलियन घराण्यात घालतात, ते नाव फ्रान्समधल्या आमियाँ शहराजवळच्या सँ-आशूल या उपनगराचं. तिथे खडी काढायच्या खाणी होत्या. आपल्या देशातली गोष्ट तर त्याहून सरळ. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला मद्रासजवळ पल्लावरमला खडीसाठी खणलेल्या खड्ड्यात दगडी हत्यार मिळालं, आणि भारतातल्या अश्मयुगाचं पान उघडलं. १९८२ च्या डिसेंबरात नर्मदेकाठी हथनोरा इथे अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तोही नदीच्या गोट्यातच.

आंध्रात कर्नूलकडे ज्वालापुरम् म्हणून गाव आहे. तिथे टोबाच्या राखेचा जाड थर आहे. ती राख भांडी घासायच्या पावडरीसाठी खणून नेत होते. त्याच खणलेल्या कडांवर शास्त्रज्ञांना थर उघडे दिसले. राखेच्या खालीही हत्यारं, वरही हत्यारं. म्हणजे एवढा प्रचंड स्फोट होऊनही माणूस इथून नाहीसा झाला नसावा. २००७ मध्ये हे जगभर गाजलं. बघा, फावड्यानेच पान उघडलं आणि फावड्यानेच ते फाडलंही. दोन्हींमध्ये फरक एवढाच, की मधल्या वेळात कुणी वाचणारा तिथे उभा होता.

आपल्याकडे तो उभा राहणारा माणूस नाही. आणि त्याला उभं राहायला वेळही राहिलेला नाही.

१९८४ मध्ये माणसं घमेल्याने वाळू भरायची. नंतर जेसीबी आला, पोकलेन आला, सक्शन पंप आले, हायवा आले. शिवाय नदीच बदलली. डिंभे, येडगाव, वडज, माणिकडोह अशी धरणं झाली. आपल्या शेताला पाणी मिळालं, त्याविषयी मी कृतघ्न होणार नाही. मूळ आंबेगाव मात्र डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. पण धरणामागे गाळ आणि वाळूही अडते. खालच्या पात्राला नवी वाळू कमी येते, आणि मागणी तर वाढतच गेलेली. पात्रातली ताजी वाळू संपली की यंत्र काठाकडे वळतं. म्हणजे नेमकं त्या जुन्या, जागच्या थराकडे. विहिरींचं पाणी खाली जातं, काठ ढासळतात, हे शेतकऱ्याला लगेच दिसतं आणि तो ओरडतो. जुना थर गेल्याचं कुणाला दिसत नाही. त्याचा वाली कोण?

कायदे नाहीत असं नाही. वाळू हे गौण खनिज. १९५७ चा केंद्राचा कायदा आहे, राज्याचे २०१३ चे नियम आहेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका प्रकरणात सांगितलं, की पाच हेक्टरांहून लहान घाटालाही पर्यावरणाची परवानगी घ्या. मग २०१६ आणि २०२० मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रासने सरकारी डेपोतून वाळू द्यायचं ठरवलं, २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलावाकडे गेलं. या सगळ्यात पाणी आहे, पूल आहेत, महसूल आहे. तिकडे स्मारकांचा कायदा म्हणतो, संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरांत खाणकाम नको. उत्तम. पण ज्या थराची यादीत नोंदच नाही, त्याच्याभोवती मीटर मोजणार कुठून? १८७८ चा निधीचा कायदा म्हणतो, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा. माझ्या छिलक्याची किंमत काय धरणार? बाजारात कुणी आठ आणे देणार नाही.

इंग्लंडमध्ये काय करतात ते वाचलं तेव्हा थोडा हेवा वाटला. तिथे १९९० पासून धोरण असं, की जो जमीन उकरणार त्याने आधी पुरातत्त्वज्ञांकडून ती तपासून घ्यायची आणि खर्चही त्यानेच सोसायचा. एप्रिल २००२ पासून वाळू-खडीवर टनामागे १ पौंड ६० पेन्सचा कर बसवला, आणि त्यातला काही भाग खाणीच्या भागातला वारसा नोंदवायला दिला. नद्यांच्या खोऱ्यांचे नकाशे झाले, संग्रहालयांतल्या जुन्या पेट्या उघडून पुन्हा पाहिल्या गेल्या. तो निधी २०११ मध्ये बंद झाला, कर मात्र चालू राहिला. सरकारं सगळीकडची सारखीच! पण तपासण्याची सवय राहिली. १९९८ मध्ये डर्बीशरमधल्या शार्डलो गावच्या खडीच्या खाणीत ब्राँझयुगातली लाकडी होडी मिळाली, आत दगड भरलेली, जशी बुडाली तशी. ती आज डर्बीच्या संग्रहालयात आहे.

आपल्याला ते जमेल का? पैशाचं म्हणाल तर रॉयल्टी आपणही घेतोच. प्रश्न नजरेचा आहे. त्यावरून एक आठवण सांगतो.

नव्वदच्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील वाळूच्या ट्रॅक्टरवर. अश्मयुगाचा धडा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने दप्तरातून काळ्या पाषाणाचा एक जड दगड काढून माझ्या टेबलावर ठेवला. बदामाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी घडवलेला. म्हणाला, "सर, हा कुणी तासलाय का?" मी हरखून गेलो. वर्गात फिरवला, शाबासकी दिली, शाळेच्या कपाटात ठेवला. ठिकाण विचारलं, त्याने सांगितलंही. मी लिहून ठेवलं नाही. वाटलं, लक्षात राहील. चार-पाच वर्षांनी रंगकाम निघालं, कपाट रिकामं झालं, आणि दगड गेला. कुणीतरी दाराला अटकण म्हणून लावला असेल, किंवा बागेच्या कडेला बसवला असेल. आजही त्या आठवणीने मला कानकोंडं होतं.

तो मुलगा आज पन्नाशीकडे आला. दोन हायवांचा मालक आहे. घराच्या कामासाठी क्रश सँड त्याच्याकडूनच आली. ओटीवर चहा घेताना मी त्याला जोत्यातला छिलका दाखवला. हातात घेऊन तो म्हणाला, "सर, असलं लई निघायचं चाळणीवर. गिऱ्हाइकाला बारीक वाळू पाहिजे, गोटा म्हंजे आम्हाला वैताग. फेकून द्यायचो." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "तुम्ही शाळेत सांगितलं होतं खरं. पण घाटावर येऊन कुणी नाही सांगितलं."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तीस वर्षं मी वर्गात उभा राहून फळ्यावर अश्मयुग काढलं, आणि खरं अश्मयुग दोन-तीन मैलांवर ट्रॅक्टरमध्ये भरलं जात होतं. रविवारी सायकल काढून घाटावर गेलो असतो, चाळणीशेजारी तासभर बसलो असतो, तर कुणी मला अडवलं नसतं. त्या बायकांना दोन नमुने दाखवले असते तर त्यांच्या नजरेतून एकही दगड सुटला नसता. धान्यातला खडा वेचणाऱ्या नजरा त्या!

म्हणून मला जे सुचतं ते लिहून ठेवतो. घाटाचा लिलाव करायच्या आधी तलाठी-सर्कल पाहणी करतातच. त्या दिवशी डेक्कन कॉलेजचा एखादा विद्यार्थी किंवा गावातला जाणता शिक्षक बरोबर असावा. काठाच्या कापांचे फोटो काढावेत, जागा नकाशावर मांडावी. पात्रातली ताजी वाळू उचलायला माझी हरकत नाही, ती पुराने आणलेली आहे. पण सांधलेला जुना गोटा, राखेचा थर आणि पांढरीचं टेकाड, या तीन गोष्टींना यंत्र लावू नये. लिलावाच्या अटींत एवढं एक वाक्य घालायला फार शाई लागत नाही. आणि रॉयल्टीतला चिमूटभर भाग या पाहणीला मिळावा.

क्रश सँडचं म्हणाल, तर या बाबतीत ती बरी. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या पोटात माणसाचं काही सापडणार नाही, कारण तेव्हा माणूसच नव्हता. फक्त डोंगर फोडताना वर-खाली लेणं, टाकं, जुनी वाट नाही ना, एवढं पाहावं. जुन्नरच्या डोंगरांत तर पावलोपावली लेणी.

एक मात्र करू नये. दगड आणून दिला की पैसे, असं बक्षीस लावू नये. ज्या १८६३ साली फूटसाहेबांना पल्लावरमला खरं हत्यार मिळालं, त्याच वर्षी फ्रान्समध्ये आबव्हिल गावच्या खाणीत माणसाचा जबडा सापडल्याचा मोठा गाजावाजा झाला. बूशे द पेर्थ नावाच्या गृहस्थांनी मानवी अवशेषांसाठी बक्षीस लावलं होतं, आणि मजुरांनी तो जबडा मुद्दाम तिथे पुरला होता. गरिबाच्या पोटाला आमिष दाखवून ज्ञान मिळत नाही. त्याचं नाव नोंदवहीत लिहावं, चहा पाजावा, आणि सापडलेलं काय आहे ते त्याला नीट समजावून सांगावं. तो माझा विद्यार्थी म्हणाला, की पुढच्या वेळी नदीकाठी काही वेगळं दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून, जागेसकट मला पाठवीन. फोनमध्ये ठिकाणाची नोंद आपोआप होते म्हणे. मला १९८४ मध्ये कागद-पेन्सिल पुरली असती, तीही मी वापरली नाही.

असो. टाइल्स बसल्या. छान गुळगुळीत झालंय घर, पाय घसरेल म्हणून मी रबरी चप्पल घालून हिंडतो. चर बुजवायच्या आधी कामगारांनी मला विचारलं, "बाबा, हा गोटा परत आतच टाकायचा ना?" मी आणि नातवाने दोन दिवस बसून तो सगळा ढीग धुतला, वेचला. अजून सात छिलके मिळाले. नातू आठ वर्षांचा. तिसऱ्या छिलक्यापासून तो फुगवटा माझ्याआधी ओळखायला लागला. बाकीचा गोटा परत जोत्यात गेला, पाणी धरत नाही म्हणून.

ते आठ दगड मी एका खोक्यात कापसावर ठेवले आहेत. नातवाने त्याच्या अक्षरात चिठ्ठी लिहिली: घोडनदीची वाळू, १९८४, आजोबांचं जोतं. मग त्याने विचारलं, "आजोबा, जागा कुठली लिहू?" मी म्हटलं, ती रिकामी ठेव.

माझ्या आंबेगाव-जुन्नरकडच्या भाच्यांना, पुतण्यांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची शेतं नदीला लागून आहेत. काहींची घरं चालू आहेत. वाळू चाळून झाली की जाळीवरचा ढीग भरावात टाकण्याआधी एकदा वाका. मधाच्या, लाल, हिरवट रंगाचा पातळ कडेचा दगड दिसला, किंवा बदामाच्या आकाराचा काळा, तर बाजूला ठेवा. गाव, घाट, तारीख आणि खोली लिहा. काठाच्या कापात दिसला तर त्याला हातही लावू नका, फक्त फोटो काढा. मला कळवा. अजून मला मोटारसायकलवर मागे बसता येतं.